अलार्म मोजण्याआधी: फ्रामा-सीवर पंप कंट्रोलरचा कोड तपासण्याचा क्रम

वरुड-मोर्शीकडची पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगची पोरं मला सारखा एकाच जातीचा स्क्रीनशॉट पाठवतात. संत्र्याच्या ओलितासाठी कंट्रोलर बनवलेला असतो. कुणी सांगितलं म्हणून फ्रामा-सी (सी भाषेतला कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं टूल) टाकलेलं असतं, सगळा कोड एकदम त्यात ओतलेला असतो, आणि पडद्यावर अलार्मच्या, म्हणजे "इथं चूक असू शकते" अशा इशाऱ्यांच्या, दीडदोनशे ओळी येतात. खाली प्रश्न असतो, "दादा, यातलं खरं काय धरायचं?" काही जण दुसऱ्याच टोकाला असतात. त्यांच्याकडे एकही अलार्म नसतो आणि "कोड ओके आहे" असा निरोप येतो. मला या दुसऱ्यांचीच जास्त काळजी वाटते, कारण तिथं बहुतेक वेळा टूलनं कोड पाहिलेलाच नसतो.

दोन्हीचं मूळ एकच आहे. फ्रामा-सी कोड चालवत नाही, वाचून हिशेब मांडतं, आणि तुमच्या बोर्डाबद्दल त्याला काहीही ठाऊक नसतं. चिप कोणती, सुरुवात कुठून, सेन्सर कोणते आकडे देतो, हे तुम्ही सांगाल तेवढंच ते धरतं. ते न सांगता अलार्म वाचायला बसलात तर ती मेहनत वाया जाते. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

आज्ञा आणि पर्याय इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा, आणि पर्यायाआधीची आडवी रेघ विसरू नका.

## तयारी: निर्णयाचा कोड वेगळा काढा

फ्रामा-सी सी भाषा वाचतं. आर्डुइनोचं स्केच मात्र सी-प्लस-प्लस असतं. ते जसंच्या तसं दिलं की पहिल्याच फाइलला अडतं, आणि पोरं म्हणतात टूल खराब आहे.

त्यामुळे कोडचे दोन भाग करा. एका फाइलीत फक्त निर्णय ठेवा: ओल किती, कोणती झडप उघडायची, मोटर कधी बंद करायची. या फाइलीला आपण ओल.सी म्हणू. दुसऱ्या भागात बोर्डाशी बोलणारं सगळं जाईल: सेन्सर वाचणं, रिले ओढणं, ईईप्रॉममधून (लाइन गेली तरी टिकणाऱ्या चिपवरच्या मेमरीतून) सेटिंग काढणं. ओल.सी मध्ये आर्डुइनोची किंवा एव्हीआरची (उनोवरच्या चिपची) एकही हेडर फाइल नको. तिथं फक्त "सेन्सर वाच", "सेटिंग वाच" अशा फंक्शनांची घोषणा असावी.

हे वेगळं करायला एक संध्याकाळ जाते. ती टाळू नका, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

तपासणी: ओल.सी साध्या जीसीसीनं घरच्या लॅपटॉपवर कंपाइल होते का? होत नसेल तर अजून काहीतरी बोर्डाचं आत राहिलं आहे.

## टप्पा १: टूल बसवणं

लिनक्स असेल तर उत्तम. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) घालून त्यात उबुंटू घ्या. मग ओपॅम हे पॅकेजं बसवणारं टूल बसवा, "ओपॅम इनिट" करा, आणि "ओपॅम इन्स्टॉल फ्रामा-सी" द्या. ओपॅम सगळं मूळ कोडपासून बांधतं, म्हणून वेळ बराच लागतो आणि जागाही काही जीबी खातं. डेस्कटॉपवर करत असाल तर लाइन केव्हा जाते ते बघून सुरू करा. मधेच गेली तर घाबरायचं कारण नाही. तीच आज्ञा पुन्हा द्या, बसून झालेली पॅकेजं तशीच राहतात.

दुसऱ्या दिवशी नवं टर्मिनल उघडलं की "कमांड नॉट फाउंड" येतं आणि पोरं पुन्हा पहिल्यापासून बसवतात. तसं करू नका. नव्या टर्मिनलला ओपॅमचं वातावरण सांगावं लागतं. "ओपॅम एन्व्ह" ही आज्ञा जे छापते ते "इव्हॅल"मधून चालवा, झालं.

तपासणी: "फ्रामा-सी -व्हर्जन" दिलं की आकडा आणि एका मूलद्रव्याचं नाव दिसतं, उदाहरणार्थ २९ आणि कॉपर. तो आकडा वहीत लिहून ठेवा. आवृत्तीगणिक काही पर्याय बदलतात, आणि मदत मागताना पहिला प्रश्न तोच येतो.

## टप्पा २: आधी नुसतं वाचून घेऊ द्या

इव्हा, म्हणजे फ्रामा-सीचा अलार्म देणारा भाग, लगेच लावू नका. नुसतं "फ्रामा-सी ओल.सी" द्या. या पायरीला फक्त कोड वाचला जातो.

हेडर सापडत नसेल तर "-सीपीपी-एक्स्ट्रा-आर्ग्ज"मधून फोल्डरचा रस्ता द्या. न घोषित केलेल्या फंक्शनला हाक मारल्याची वॉर्निंग आली तर ती सोडून पुढे जाऊ नका. अशा फंक्शनचा प्रकार टूल अंदाजानं धरतं, आणि त्या अंदाजावर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

तपासणी: "-प्रिंट" लावून एकदा नजर टाका. तुमचे फॉर लूप तिथं व्हाइल आणि ब्रेकच्या रूपात दिसतील. कोड बदललेला नसतो, टूलची ती आतली मांडणी आहे.

## टप्पा ३: चिप सांगा

सगळ्यात जास्त लोक इथं चुकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

काही सांगितलं नाही तर फ्रामा-सी ६४ बिटचा संगणक धरतं. तिथं इंट ३२ बिटचा असतो. आर्डुइनो उनोच्या एव्हीआर चिपवर इंट १६ बिटचा असतो, म्हणजे त्यात उणे ३२७६८ ते ३२७६७ एवढंच मावतं.

आता ओलीचा हिशेब घ्या. कपॅसिटिव्ह सेन्सर कोरड्या मातीत मोठा आकडा देतो आणि ओल्या मातीत लहान. समजा कोरडं ८५० आणि ओलं ४००. टक्केवारीसाठी सगळे हेच सूत्र लिहितात:

(कोरडं − वाचन) × १०० / (कोरडं − ओलं)

माती पूर्ण ओली असताना वाचन ४०० येतं. वजाबाकी ४५०, गुणिले १००, म्हणजे ४५०००. हे १६ बिटच्या इंटमध्ये मावत नाही. सीच्या नियमांनुसार इथून पुढे कसलीच हमी नाही. प्रत्यक्ष बोर्डावर सहसा ४५००० मधून ६५५३६ जातात आणि उणे २०५३६ उरतात. त्याला ४५० नं भागलं की उणे ४५ टक्के. कंट्रोलरच्या लेखी माती हाडासारखी कोरडी, आणि तो मोटर लावतो.

वजाबाकी ३२७ असेपर्यंत सगळं बरोबर चालतं, ३२८ ला फुटतं. म्हणजे साधारण ७३ टक्के ओलीपर्यंत बोर्ड शहाण्यासारखा वागतो. उन्हाळ्यात चाचणी केली तर चूक कधीच दिसत नाही. माझ्या काकांच्या बगिच्यात ती आषाढात दिसली. झड लागून दोन दिवस झाले होते, आणि रातच्या लाइनीवर मोटर चालूच. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, बुंध्याशी साचतं, आणि मग डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) लागतो. गुणाकारातली एक चूक झाडाच्या सालीपर्यंत पोचते.

चिप सांगितली नाही तर फ्रामा-सी या ओळीवर एक अक्षर बोलत नाही, कारण ३२ बिटमध्ये ४५००० आरामात मावतात. आधी "-मॅकडेप हेल्प" देऊन चिपांची यादी पाहा, मॅकडेप हा चिप सांगायचा पर्याय आहे. एव्हीआरची नोंद असेल तर ती घ्या. नसेल तर १६ बिट इंटची जीसीसी-एक्स८६-१६ घ्या, नावात आडव्या रेघांच्या जागी अंडरस्कोअर असतात.

सावध: ही नोंद प्रत्येक वेळी द्यावी लागते. एकदा दिली म्हणून ती लक्षात राहत नाही.

## टप्पा ४: सुरुवात आणि नकली फंक्शनं

चाचणी.सी नावाची छोटी फाइल करा. तिच्यात मेन फंक्शन आणि बोर्डाच्या प्रत्येक फंक्शनचा नकली अवतार लिहा.

"सेन्सर वाच" या नकली फंक्शननं काय परत द्यायचं? बहुतेक जण तिथं ६०० असा एक आकडा लिहितात. मग टूल फक्त ६०० साठीच कोड तपासतं आणि सगळं छान दिसतं. असं करू नका. फ्रामा-सी-इंटरव्हल हे तयार फंक्शन वापरा, त्याला ० आणि १०२३ द्या. सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या १० बिटच्या एडीसीतून यापलीकडचा आकडा येऊच शकत नाही, आणि यातला कुठलाही येऊ शकतो. या फंक्शनच्या नावात एफ आणि सी ही अक्षरं मोठी आहेत, शब्द अंडरस्कोअरनं जोडलेले आहेत, आणि ते टूलच्याच एफसी-बिल्टिन हेडरमधून मिळतं.

ईईप्रॉमच्या सेटिंगला मात्र पूर्ण मुभा द्या, उणे ३२७६८ पासून ३२७६७ पर्यंत. "मी तिथं ८५० च लिहिलंय" असं म्हणू नका. कोऱ्या चिपच्या ईईप्रॉममध्ये प्रत्येक बाइट २५५ असतो. दोन बाइटचा चिन्हासहित आकडा म्हणून वाचला तर तो उणे १ येतो. कोरडंही उणे १, ओलंही उणे १. वजाबाकी शून्य, आणि आपण शून्यानं भागतो. एव्हीआर तिथं थांबत नाही, काहीतरी आकडा देऊन पुढे जातो. नवा बोर्ड लावल्याच्या पहिल्याच दिवशी असं वागला तर शेतकऱ्याचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवणं कठीण.

"-लिब-एंट्री" हा पर्याय इथं लावू नका. त्यानं सगळी ग्लोबल व्हेरिएबल अनोळखी धरली जातात आणि नको ते अलार्म येतात. एखादंच फंक्शन सुटं तपासायचं असेल तेव्हा तो कामाचा.

तपासणी: एखाद्या फंक्शनचा कोडही नाही आणि करारही (ते काय घेतं, काय देतं याचं लिहिलेलं वर्णन) नाही अशी वॉर्निंग उरली आहे का? एकही उरली असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: इव्हा लावा, आणि तळापासून वाचा

आता "फ्रामा-सी", मॅकडेपचा पर्याय, "-इव्हा", आणि दोन्ही फाइली. जे छापलं जाईल ते एका मजकुराच्या फाइलीत वळवा, पडद्यावर वाचू नका.

फाइल उघडली की थेट तळाला जा. तिथं सारांश असतो: किती फंक्शनं तपासली, आणि त्यातल्या किती टक्के विधानांपर्यंत टूल पोचलं. अलार्मांचा आकडा नंतर पाहा.

हे का, ते एका मुलीच्या कोडवरून सांगतो. आठ झडपांचा अ‍ॅरे होता, क्रमांक ० ते ७. सुरुवातीला सगळ्या झडपा बंद करणारा लूप, त्यात अट होती "आय आठपेक्षा लहान किंवा आठ". अलार्म आला एकच, अ‍ॅरेच्या बाहेर गेल्याचा. तिला वाटलं एवढासा अलार्म, नंतर बघू, बाकी कोड तर स्वच्छ आहे. पण सारांशात निम्म्याहून जास्त विधानं न पोचलेली होती.

आतलं गणित असं. अलार्म दिल्यावर इव्हा धरून चालतं की ती चूक घडली नाही, म्हणजे आय ७ च्या पुढे गेला नाही. ७ मध्ये एक मिळवला की ८, आणि ८ ला अट खरीच आहे. मग लूप संपणार कसा? टूलच्या हिशेबात तो कधीच संपत नाही, आणि त्याखालचा सगळा कोड कुणी पाहतच नाही. तिचा ओलीचा हिशेब त्याच खालच्या भागात होता. अट दुरुस्त केली आणि खालून सहा नवे अलार्म वर आले.

सावध: "नॉन टर्मिनेटिंग" असा उल्लेख दिसला की तो कुठल्या फंक्शनचा ते बघा. मेनमध्ये कायम फिरणारा लूप असेल तर मेनबद्दल तसं येणं बरोबर आहे. बाकी कुठल्याही फंक्शनबद्दल आलं तर आधी ते सोडवा.

सावध: ठरावीक पत्त्यावरचं रजिस्टर थेट वाचणारी ओळ राहून गेली असेल तर टूल तो पत्ता अवैध धरतं आणि तिथंच थांबतं. ती ओळ बोर्डाच्या भागात हलवा. हलवणं शक्यच नसेल तर "-अ‍ॅब्सोल्यूट-व्हॅलिड-रेंज" देऊन पत्त्यांची हद्द सांगा.

## टप्पा ६: अलार्म एकेक करून, वरून खाली

आता वरून सुरू करा. पहिला अलार्म सोडवा, पुन्हा चालवा, मग दुसरा. खालचे अलार्म "वरचा घडला नाही" या गृहीतावर उभे असतात, म्हणून मधूनच उचलू नका.

प्रत्येक अलार्मला आधी विचारा: ही कोडची चूक आहे, की मी बाहेरचं नीट सांगितलं नाही, की टूलला तेवढं बारीक दिसत नाही? तिन्हीचा इलाज वेगळा. घाईत सगळेच "टूलला कळत नाही" या खात्यात टाकले जातात.

टक्केवारीची ओळ घेऊ. तिच्यावर गुणाकार न मावण्याचा अलार्म आहे. पुष्कळ जण पूर्ण गुणाकाराला कंस घालून बाहेरून लाँग लावतात. त्याचा उपयोग नाही, तोवर गुणाकार १६ बिटमध्ये होऊन चुकलेला असतो. लाँग वजाबाकीला लावा, म्हणजे १०० नं गुणायच्या आधी. मग निकाल ० आणि १०० च्या मध्ये बांधून घ्या. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, सेन्सर मातीऐवजी हवा मोजतो, आणि वाचन ८५० च्या वर जाऊन टक्केवारी उणे येते.

भागाकाराचा अलार्म जास्त शिकवणारा आहे. सहज सुचणारी दुरुस्ती म्हणजे आधी अट घालणं: कोरडं हे ओलं अधिक ५० पेक्षा लहान असेल तर ८५० आणि ४०० हे ठरलेले आकडे घ्या. याच्यात दोन उणिवा आहेत. एक, ओलं ३२७६७ असेल तर त्यात ५० मिळवतानाच ते उतू जातं. दोन, अट बरोबर असली तरी भागाकाराचा अलार्म जात नाही. इव्हा सुरुवातीला प्रत्येक व्हेरिएबलची हद्द वेगवेगळी लक्षात ठेवतं. कोरडं या मर्यादेत, ओलं या मर्यादेत, एवढंच. दोघांत किमान ५० चं अंतर आहे हे नातं ते धरून ठेवत नाही.

क्रम असा लावा. आधी दोन्ही सेटिंग ० ते १०२३ मध्ये आहेत का बघा, नसतील तर ठरलेले आकडे. मग "फरक" नावाच्या व्हेरिएबलमध्ये वजाबाकी ठेवा. फरक ५० पेक्षा कमी असेल तर पुन्हा ठरलेले आकडे आणि फरक ४५०. आणि भागताना फरकनंच भागा. ज्यानं भागायचं त्याच व्हेरिएबलवर अट असली की टूलला दिसतं, तो ५० च्या खाली जात नाही, आणि अलार्म जातो. वाचणाऱ्या माणसालाही हा कोड लवकर कळतो. मला या टूलचं हेच फार आवडतं.

सावध: मिलिसेकंदांचा बिनचिन्हाचा ३२ बिट काउंटर सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. बिनचिन्हाच्या आकड्याचं असं फिरणं सीमध्ये वैध आहे, म्हणून इव्हा आपणहून बोलत नाही. "आत्ता वजा सुरुवात" अशी तुलना लिहा, "सुरुवात अधिक मुदत" अशी नको. "-वॉर्न-अनसाइन्ड-ओव्हरफ्लो" लावलं तर बरोबर लिहिलेल्या वजाबाकीवरही अलार्म येतात, म्हणून ते एकदा लावून ओळी बघा आणि काढून टाका.

## टप्पा ७: बारकाई वाढवणं

इथवर येऊन उरलेल्या अलार्मांसाठीच हा टप्पा. "-इव्हा-प्रिसिजन" ला ० ते ११ आकडे देता येतात. पहिल्याच दिवशी ११ लावून लॅपटॉप रात्रभर तापवण्यात अर्थ नाही. २-३ पासून चढवा.

वाचनं सरासरी करणारा लूप हे नेहमीचं ठिकाण. १६ वाचनांची बेरीज जास्तीत जास्त १६३६८, इंटमध्ये मावते. पण इव्हा लूपच्या फेऱ्या एकत्र करून पाहतं, बेरीज वाढतच जाते असं धरतं, आणि अलार्म देतं. लूपच्या वर "लूप अनरोल १६" ही टिप्पणी अ‍ॅक्सलच्या, म्हणजे फ्रामा-सीसाठी सूचना लिहायच्या भाषेच्या, चिन्हासह लिहा. म्हणजे तिरप्या दोन रेघा आणि लगेच अ‍ॅट. मधे जागा सोडली तर ती साधी टिप्पणी ठरते. आता फेऱ्या सुट्या मोजल्या जातात आणि अलार्म जातो.

पुढे कुणी वाचनं वाढवली तर? ३२ पर्यंत बेरीज ३२७३६, जेमतेम मावते. ३३ ला अलार्म परत येईल, आणि तो खरा असेल.

## टप्पा ८: डब्ल्यूपी, फक्त गरजेपुरतं

डब्ल्यूपी या फ्रामा-सीच्या दुसऱ्या भागानं फंक्शनचा करार सिद्ध करता येतो. सगळ्या कोडवर ते लावू नका. टक्केवारीच्या एका फंक्शनवर पुरे: रिक्वायर्समध्ये (आधीची अट) वाचन ० ते १०२३ आणि फरक किमान ५०, एन्शुअर्समध्ये (नंतरची हमी) निकाल ० ते १००, असाइन्समध्ये (फंक्शन काय बदलतं) काहीच नाही. त्याआधी ऑल्ट-एर्गो हे सिद्ध करणारं टूल बसवून "व्हाय३ कॉन्फिग डिटेक्ट" एकदा चालवा, नाहीतर सिद्ध करणारंच कुणी सापडत नाही.

लूप असेल तर "लूप असाइन्स" लिहिल्याशिवाय डब्ल्यूपी सगळंच बदललं असं धरतं. आणि टाइमआउट म्हणजे कोड चुकीचा असा अर्थ नाही, त्या वेळेत सिद्ध झालं नाही एवढाच.

## टप्पा ९: नोंद आणि बोर्डावरची खात्री

पूर्ण आज्ञा मेकफाइलमध्ये टाका, म्हणजे मॅकडेप विसरायचा प्रश्न उरत नाही. उरलेला प्रत्येक अलार्म ओळ क्रमांकासह लिहा आणि तो का चालतो ते एका वाक्यात. ते वाक्य लिहिता येत नसेल तर अलार्म सुटलेला नाही.

कोड बदलला तर टप्पा ५ पासून पुन्हा. चिप बदलली तर टप्पा ३ पासून. उनोवरून ईएसपी३२ वर गेलात की इंट ३२ बिटचा होतो, आणि परत आलात की ४५००० परत येतात.

इंटरप्ट मधेच येऊन व्हेरिएबल बदलतो तो प्रकार इव्हा या मांडणीत पाहत नाही. तिथं वाचन करताना इंटरप्ट थांबवलेले आहेत का, ते डोळ्यांनीच तपासा.

शेवटी कोड बोर्डावर चढवा आणि वावरात न्यायच्या आधी सेन्सर खुणेपर्यंत पाण्याच्या बादलीत बुडवा. वाचन ४०० च्या आसपास असताना सिरियल मॉनिटरवर १०० किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा यायला हवा, आणि मोटरचा रिले बंद राहायला हवा. जुना कोड असलेला बोर्ड हाताशी असेल तर त्याचाही सेन्सर त्याच बादलीत घाला. तिथं उणे ४५ च्या जवळपासचा आकडा येईल आणि रिलेचा टक् आवाज ऐकू येईल.